हापूसची जुनी कलमं हिरवीगार, पण मोहर नाही: तपासणी कुठून सुरू करायची

रत्नागिरी-राजापूर पट्ट्यातल्या, मालक मुंबईला आणि झाडं गावाला अशा जुन्या बागा मार्गी लावायचं काम मी करतो. डिसेंबर उजाडला की फोन सुरू होतात आणि तक्रार ठरलेली असते: "झाडं मस्त हिरवीगार आहेत हो, पण मोहरच धरत नाहीत." त्यापुढचा प्रश्नही ठरलेला: "कल्टार घालू का?"

कल्टार म्हणजे पालवीचा जोर आवरून झाडाला मोहराकडे वळवणारं, जमिनीत घालायचं औषध. डिसेंबरात ते घालून काही होत नाही. जुलैतसुद्धा तो पहिला उपाय नव्हे. जुन्या बागेचा मोहर बहुतेक वेळा कुठल्या एका रोगाने जात नाही. कुणी न केलेल्या चार-पाच हंगामी कामांनी जातो. त्यातली निम्मी कामं कोयता आणि दोन गडी एवढ्यावर होतात. म्हणून खालचा क्रम फुकटापासून महागाकडे लावलाय. मधली पायरी गाळू नका.

आधी लक्षणं

- पालवी भरपूर, पानं गर्द हिरवी, आणि जानेवारी संपत आला तरी मोहर नाही.
- मोहर आहे, पण फक्त शेंड्याला, नाहीतर कडेच्या झाडांना बाहेरच्या अंगाने. आतल्या फांद्या ओक्याबोक्या.
- एका वर्षी फांद्यांना टेकू द्यावे लागतात, पुढच्या वर्षी घरात खायलाही आंबा नाही.
- एखादी फांदी शेंड्याकडून वाळत येतेय, किंवा झाडाची एकच बाजू विरळ झालीय.
- पालवी येते, पण आखूड. पानं बारीक आणि एकमेकांना चिकटून गुच्छासारखी.

मोहर येतो पण काळा पडून गळतो, ही तक्रार वेगळी. तिथे तुडतुडे ही कीड आणि भुरी, करपा हे बुरशीचे रोग बघायचे आणि फवारणीचं वेळापत्रक तपासायचं. इथे प्रश्न मोहर येतच नाही त्या झाडांचा आहे.

फुकटातली तपासणी: हे वर्ष कुठलं?

गेल्या हंगामात झाड लगडलं होतं का? असेल तर यंदाची सुटी हा हापूसचा स्वभाव आहे. आंबा वर्षाआड येतो याचं कारण सोपं आहे. भरघोस पीक दिलेल्या झाडाची शिल्लक मेपर्यंत संपलेली असते. मग काढणीनंतरची पालवी येत नाही, किंवा थेट ऑक्टोबरात येते. मोहर यायला काडी जून, म्हणजे पक्व झालेली लागते; ऑक्टोबरातली काडी डिसेंबरच्या थंडीत कोवळीच असते, ती मोहरणार कुठून? वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ साली 'रत्ना' ही जात आणली, ती दरवर्षी धरते. पण तुमच्या आजोबांनी लावलेल्या हापूसला त्याचा काय उपयोग? तो वर्षाआडच चालणार. नीट देखभाल झाली तर सुटीच्या वर्षी शून्याऐवजी चार-आठ आणे पीक मिळतं, एवढीच अपेक्षा ठेवा.

दुसरी फुकटची तपासणी शेजाऱ्याच्या बागेची. त्याची निगा चांगली आहे आणि तरी तोही रिकामा असेल, तर ऑक्टोबर आठवा. पाऊस लांबला, जमीन ओली राहिली की झाड मोहराऐवजी पालवी काढतं. त्या वर्षी झाडावर पैसे ओतू नका. शेजारी भरलेला आणि आपण रिकामे असू, तर मात्र पुढे वाचा.

आणि झाडांना नंबर घाला. खोडावर रंगाने आकडा आणि एक साधी वही. १० बाय १० मीटरवर लावलेल्या बागेत एकरी चाळीसच झाडं असतात, फार काम नाही. कुठलं झाड कुठल्या वर्षी धरलं हे लिहिलेलं नसेल तर "दोन-तीन वर्षं धरलं नाही वाटतं" यापुढे गाडी जात नाही. वहीत बघितलं की कधी कधी कळतं की बाग आजारी नाहीये, ठरावीक सात-आठ झाडंच वर्षानुवर्षं आळशीपणा करतायत.

खोडाशी उभं राहून खाली बघा

लख्ख उन्हाच्या दिवशी दुपारी बारा-एकच्या सुमाराला झाडाखाली जा आणि जमिनीकडे बघा. उन्हाचे कवडसे पडलेत का? जमीन पूर्ण सावलीत, गारढोण, बुंध्याशी गवताची काडीही नाही असं असेल तर बहुतेक वेळा दुखणं तिथेच सापडतं.

लावताना दहा मीटर अंतर प्रशस्त वाटतं. तीस-चाळीस वर्षांत फांद्या एकमेकांत घुसतात. मग प्रत्येक झाड उन्हासाठी वर पळतं, आणि आतल्या, खालच्या फांद्या सावलीत पडतात. सावलीतलं पान झाडाला देतं कमी आणि खातं जास्त. त्या फांद्यांवर मोहर येत नाही, आणि ओल साचून करपा मात्र तिथेच मुक्कामाला असतो. शेंड्यालाच मोहर येणं, हे लक्षण इथून येतं. वर उंचावर आलेल्या त्या मोहरापर्यंत पंपाचा फवारा पोचत नाही आणि आंबे उतरवायचा झेलाही पोचत नाही, ही वर आणखी गंमत.

इथे पूर्ण छाटणी लगेच करायची नाही. आधी साफसफाई: वाळक्या फांद्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या, आत वाढलेल्या बारीक काड्या, आणि झाडाच्या मधोमध सरळ वर गेलेली एखादी फांदी. एवढ्याने मधून ऊन उतरतं. वेळ काढणी संपल्या संपल्या, पाऊस लागायच्या आत. त्यावेळी मोकळ्या झालेल्या झाडाला पावसाळ्याच्या सुरुवातीला पालवी फुटते आणि ती काडी हिवाळ्यापर्यंत जून होते. हेच काम गणपतीत गावाला आल्यावर केलं, तर फुटवा उशिरा येतो आणि पुढचा मोहरही आपण आपल्या हाताने घालवतो. चाकरमान्यांच्या सुट्ट्या आणि झाडाची वेळ जमत नाही, हे या बागांचं जुनंच दुखणं.

कापलेल्या प्रत्येक जाड जागी बोर्डो पेस्ट लावायची: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवून प्लॅस्टिकच्या बादलीत एकत्र करा, लोखंडी भांडं नको. जमली की नाही ते बघायला कोयत्याचं घासलेलं पातं मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला.

बांडगूळ

लांबून झाड दाट दिसतं, मालक खूश असतो. जवळ जाऊन बघितलं तर दाटपणातला बराच भाग आंब्याचा नसतोच. बांडगुळाचं पान जाड, कातडी, किंचित राखाडी झाक असलेलं. फुलं नळीसारखी, केशरी-लाल. ते जिथे फांदीला जुळलेलं असतं तिथे फुगीर गाठ दिसते, आणि गाठीच्या पुढची आंब्याची फांदी बारीक होत जाऊन वाळलेली असते. आंब्याला कोवळी तांबूस पालवी फुटते त्या दिवसांत ते सगळ्यात सोपं ओळखता येतं: सगळं झाड तांबूस, आणि मधेच हे जुनाट हिरवे झुबके.

बांडगूळ स्वतःच्या पानांत अन्न तयार करतं, पण पाणी आणि क्षार आंब्याच्या फांदीतून ओढतं. फुलटोच्या पक्षी त्याची फळं खातो, बी चिकट असते, ती दुसऱ्या फांदीवर पुसली जाते आणि तिथे रुजते. म्हणून फळं पिकायच्या आत काढायचं. पाऊस उघडला की पहिलं काम हेच.

नुसतं ओरबाडून काढलं तर पुढच्या वर्षी तिथेच उभं. त्याची मुळं फांदीच्या लाकडात उतरलेली असतात. गाठीच्या खाली, खोडाच्या बाजूला हातभर जागा सोडून फांदीच कापा. मुख्य फांदीवर असेल आणि ती कापणं परवडणारं नसेल, तर गाठ तासून काढा, पेस्ट लावा आणि दरवर्षी तिथे नजर ठेवा. शेजारच्या पडीक बागेत बांडगूळ असेल तर तुमचं काम संपत नाही. शेजाऱ्याला दोन गड्यांची मजुरी देऊन त्याचंही काढून घेणं स्वस्त पडतं, मी तसं करायला लावलेलं आहे.

खोड: भुसा ताजा की जुना

बुंध्याभोवतीचं गवत काढा आणि खोड जमिनीपासून पहिल्या फांदीपर्यंत हाताने चाचपत बघा. सालीच्या भेगेतून भुसा बाहेर पडत असेल तर आत खोडकिडा आहे, म्हणजे आपला भिरूड. जुना भुसा कोरडा, काळपट असतो आणि बोटाने झटकला की पडतो. ताजा ओलसर, तांबूस, चघळलेल्या काथ्यासारखा, आणि पुसून टाकला तरी दोन दिवसांनी परत जमतो. पुसायचं आणि परत बघायचं, एवढीच परीक्षा. शांत वेळी खोडाला कान लावला तर कुरतडल्याचा आवाजही येतो.

सायकलची जुनी तार घ्या, टोकाला बारीक आकडा वळवा आणि छिद्रात हळूहळू सरकवा. वाटेत मऊ अडथळा लागला आणि तार बाहेर काढल्यावर टोकाला पांढरट ओल दिसली, तर अळी सापडली. नंतर रॉकेल किंवा पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत कोंबून चिखलाने तोंड लिंपा. आठवड्याने पुन्हा बघा. लिंपण फोडून नवा भुसा आला असेल तर परत तेच करा. पूर्वी सगळे यात डायक्लोरव्हॉस वापरायचे. त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे, जुनी बाटली माडीवर असेल तर ती उघडू नका.

या कामाला औषधापेक्षा सातत्य लागतं. भिरूड एका वर्षात झाड मारत नाही. दोन-तीन वर्षं कुणी बघितलं नाही की एक दिवस बाजूच्या बाजू वाळते. वाळवीची मातीची पाइपलाइन खोडावर दिसली तर खरवडून टाका, साल बघा. ती बहुतेक मेलेल्या सालीवरच असते.

आता जमीन

इथून पुढे पैसे लागतात. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरच्या बागांत जांभ्यावर हात-दोन हात माती, आणि ती आम्लधर्मी. कोकणातला पाऊस त्यातलं बरंच काही धुऊन नेतो. कित्येक बागांना शेवटचं शेणखत कधी पडलं हे मालकालाच काय, गड्यालाही सांगता येत नाही.

आधी माती तपासून घ्या, खर्च किरकोळ आहे. दहा वर्षांवरच्या झाडाला दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद, एक किलो पालाश अशी आहे. दुकानात मागायचं तर साधारण ३ किलो युरिया, ३ किलो सिंगल सुपर फॉस्फेट, २ किलो सल्फेट ऑफ पोटॅश आणि सोबत ५० किलो शेणखत. पाऊस सुरू झाल्यावर, फांद्यांची टोकं जिथे येतात तिथून थोडं आत चर मारून घालायचं आणि मातीने झाकायचं. बुंध्याशी ढीग करून काही होत नाही. अन्न घेणारी बारीक मुळं तिथे नसतात. उतारावर असाल तर चर वरच्या अंगाला अर्धगोल मारा, पाणीच खत खाली आणतं.

जे झाड फक्त पालवीवर जातंय, त्याला माती न तपासता नुसता युरिया वाढवू नका. नत्र वाढलं की पालवी आणखी जोर धरते.

बेणणी, म्हणजे बागेतलं गवत कापणं, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, गवताचं बी पडायच्या आत. ते गवत फेब्रुवारीपर्यंत उभं राहिलं तर एका ठिणगीत वणवा. बागेच्या कडेने जाळपट्टा, म्हणजे आग अडवायला गवत काढलेली पट्टी, काढून ठेवा. आणि झाडाखाली पालापाचोळा जाळल्याच्या काळ्या खुणा दिसल्या तर गड्याला बसवून समजवा: वरच्या थरातली मुळं त्यात भाजतात. तोच पाला आळ्यात, म्हणजे बुंध्याभोवतीच्या गोल जागेत पसरला तर ओल धरतो.

कल्टार: आधी चौकशी, मग बाटली

कल्टार, म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल, झाडात जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक तयार होऊ देत नाही. पालवीचा जोर आवरला जातो आणि काडी मोहराकडे वळते. ते मुळांतून वर जातं, त्याला ओली जमीन आणि काही महिने लागतात. म्हणून वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट. मात्रा झाडाच्या विस्ताराच्या व्यासाला मीटरमागे ३ मिलि. पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर दोन्ही मापं घेऊन सरासरी काढा. दहा मीटर आली तर ३० मिलि. आळ्यातलं तण काढून, बुंधा आणि फांद्यांची टोकं यांच्या साधारण मध्यावर गोल पंचवीस-तीस खड्डे मारायचे, चार बोटं खोल, पाण्यात मिसळून सारखं वाटून ओतायचं.

पण आधी विचारा: ही बाग मागे कराराने दिली होती का? करार बहुतेक एका-दोन हंगामांचा असतो. घेणाऱ्याला त्यातच पैसे काढायचे असतात, तेव्हा बांडगूळ, छाटणी, शेणखत याकडे तो का बघेल? तो कल्टार घालतो, आणि अंदाजाने घालतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही, करारच तसा लिहिलेला असतो. हे औषध जमिनीत टिकून राहतं. वर्षानुवर्षं जास्त पडत गेलं की आखूड पेरी, बारीक पानं, गुच्छासारखी पालवी. हे लक्षण दिसत असेल तर यंदा आणि पुढच्या वर्षी एक थेंबही नको. शेणखत आणि पाला द्या, मोकळी पालवी येईपर्यंत थांबा.

अशक्त, भिरूड लागलेल्या, सावलीत कोंडलेल्या झाडालाही देऊ नका. थकलेल्या बैलाला पराणी टोचल्यासारखं ते होतं: दोन पावलं जोरात टाकतो आणि बसतो. वरच्या पायऱ्या झाल्या, झाड सशक्त आहे, तरी मोहरत नाही, तेव्हाच त्याची पाळी.

शेवटची पायरी: पुनरुज्जीवन

सगळं करूनही बाग अंधारीच असेल तर मोठी छाटणी. पाऊस पूर्ण उघडल्यावर मुख्य फांद्या उंची राखून कापतात, सगळ्या कापांना बोर्डो पेस्ट लावतात, उघड्या पडलेल्या खोडाला उन्हाने साल फाटू नये म्हणून चुना मारतात. नंतर फुटव्यांची झुंबड येते. त्यातले प्रत्येक फांदीवर तीन-चार सशक्त, बाहेरच्या दिशेने जाणारे ठेवून बाकी काढायचे. ही विरळणी केली नाही तर दोन वर्षांत परत तेच जंगल. ताज्या कापांकडे भिरूड धावतो, म्हणून पहिली दोन वर्षं खोडाची तपासणी दुप्पट वेळा. पीक साधारण तिसऱ्या वर्षापासून. म्हणून पूर्ण बाग एकदम कापू नका. एकाआड एक ओळ घ्या, घर चालू राहतं.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

मांडीपेक्षा जाड फांदी, किंवा शिडी टेकवून पोचता येत नाही अशी कुठलीही फांदी: दोर बांधून उतरवणारा अनुभवी कापणारा आणा. ओल्या सालीवर कुणालाही चढवू नका. जवळून वीजवाहिनी जात असेल तर आधी महावितरणला कळवून पुरवठा बंद करून घ्या, मगच कोयता. झाड पोकळ वाजत असेल, किंवा बुंध्याशी अळंबी उगवून एक बाजू वाळत असेल, तर खालून कुजलंय. त्यावर चढणंच नको. झाड तोडायचं ठरलं तर लक्षात असू द्या, आंबा हा १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीतला आहे. परवानगी लागते, स्वतःच्या जमिनीतसुद्धा.

खोडाला चहूबाजूंनी ताजा भुसा असेल, एका हंगामात ओळीने दोन-चार झाडं वाळली असतील, किंवा कल्टार किती पडलंय याचा पत्ताच नसेल, तर घरगुती उपाय बंद. कृषी सहायकाला बोलवा, किंवा दापोलीच्या विद्यापीठाच्या जवळच्या केंद्रात जा. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका: वही, गेल्या तीन वर्षांतली खतं आणि औषधं यांची यादी, माती तपासणीचा कागद, आणि दुखऱ्या फांदीचा असा तुकडा ज्यात अर्धं लाकूड जिवंत आणि अर्धं वाळलेलं आहे. पूर्ण वाळलेल्या काडीवरून तिथल्या तज्ज्ञांनाही फारसं सांगता येत नाही.